नाशिक आणि इंग्रजी राज्यातला व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या जुन्या बाजारपेठेबद्दल बोलायला लागलं की इंग्रजांचा विषय निघतोच आणि मग दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं लुटून नेलं. दुसरा म्हणतो, रेल्वे कोणी दिली? दोघांचे प्रश्न आणि मध्ये बसलेल्यांच्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. नाशिक म्हणजे फक्त शहर धरलेलं नाही, मालेगाव-येवल्यापासून पेठ-इगतपुरीपर्यंतचा आजचा जिल्हा धरला आहे. हा जिल्हाही इंग्रजांचीच आखणी. खानदेश आणि अहमदनगरचे तालुके जोडून तो १८६९ साली तयार झाला.

नाशिक तर तीर्थक्षेत्र. इथे इंग्रजांच्या व्यापाराचा काय संबंध?

नकाशा पाहा. मुंबई बंदरातून उत्तरेकडे किंवा वऱ्हाडाकडे जायचं तर सह्याद्री चढावा लागतो आणि थळ घाट चढून वर आलं की पहिला मोठा मुलूख आपला. खानदेशचा कापूस, निफाडचा गहू, माळव्याचा माल मुंबईला उतरवायचा तर वाट इथूनच. त्यामुळे मुंबई मोठी होत गेली तसतसं नाशिक तिच्या दाराशी येऊन बसलं. आजही आपला भाजीपाला रात्री कुठे निघतो ते आठवा.

इंग्रज यायच्या आधी इथे खरंच काही व्यापार होता का, की ही नुसती अभिमानाची भाषा?

होता आणि त्याचा पुरावा दगडावर आहे. पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धन (म्हणजे आत्ताचं गोवर्धन-गंगापूर) इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण (त्या काळची चांदीची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि किरकोळ खर्च भागवायचा. ठेव, व्याजाचे दोन दर, विणकरांची संस्था, सगळं एका लेखात.

पेशवाईत नाशिकला वेगळंच महत्त्व आलं. पेशव्यांच्या घरातली माणसं इथे राहत, सरदारांचे वाडे होते, सावकारांच्या पेढ्या होत्या. मोगलांनी ठेवलेल्या गुलशनाबाद या नावाने इथे रुपये पाडले जात, चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. येवल्यात रेशीम, नाशकात तांबं-पितळ, सराफीही जोरात. हा व्यापार मुख्यतः दरबारी आणि तीर्थयात्रेच्या गिऱ्हाइकावर चालायचा. गावागावांत बलुतं होतंच, रोख पैशाचा वापर कमी. त्याला सुवर्णयुग म्हणायचं कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालच्या महाल मक्त्याने दिले जात आणि मक्तेदार रयतेला पिळून काढत.

१८१८ ला नेमकं काय बदललं?

त्या वर्षी त्र्यंबक पडलं, मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी महिनाभर झुंज दिली आणि तोही पडला. बाजारावर पहिला घाव पडला तो गिऱ्हाईक नाहीसं झाल्याने. दरबार गेला, सरदारांचा खर्च आटला, फौजेचा पगार थांबला. शालू, शेला, जरीचं पागोटं, घोड्याचं सामान, हत्यारं, या सगळ्याला मागणी होती ती त्या पैशामुळे. इंग्रज अधिकारी पगार इथून घेत, पण पागोटी घालत नसत.

पुढच्या वीसेक वर्षांत दोन बदल आले. गावोगावची जकात आणि नाक्यांवरची वसुली १८३० च्या दशकात काढून टाकली गेली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, तिचं श्रेय द्यावं. आणि १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया ठरला, १८० ग्रेन वजनाचा. आतापर्यंत चांदवडी, अंकुशी, सुरती असे नाना रुपये चालत आणि ते एकमेकांत बदलून देताना बट्टा घेणं हा सराफांचा धंदा होता. तो धंदा हळूहळू बुडाला. सराफ मात्र बुडाले नाहीत. त्यांनी पैसा सावकारीत घातला.

इंग्रजांनी शेतसारा वाढवला, हे खरं ना?

सरसकट खरं नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गाडी घसरते.

कंपनीने सुरुवातीला पेशवाईच्या शेवटच्या काळातले आकडे जवळपास तसेच धरले. त्यात १८२० आणि ३० च्या दशकांत धान्याचे भाव कोसळले. भाव निम्म्यावर आणि सारा तोच, मग रयत गाव सोडून जाणारच. जमिनी पडीक पडल्या. त्यावर उपाय म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली आणि १८४० च्या दशकात ती आपल्या तालुक्यांत आली. शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, दर बसवायचा आणि तो ३० वर्षं बदलायचा नाही. हे दर आधीपेक्षा कमी होते आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. आज तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे, आकार आहे. त्याचं मूळ या मोजणीत सापडतं.

दर उतरला, पण आकारणीची रीत सक्त झाली. जुन्या पद्धतीत पीक बुडालं तर पाटील, देशमुख, कमाविसदार यांच्याशी घासाघीस व्हायची, थोडी सूट मिळायची, काही धान्याने भागायचं. नव्या पद्धतीत प्रत्येक खातेदार सरकारला वैयक्तिक बांधलेला, रक्कम ठरलेली, रोख द्यायची आणि ठरल्या तारखेला द्यायची. पाऊस पडो न पडो. ३० वर्षांनी फेरआकारणी झाली तेव्हा कापसाच्या तेजीचे (तिची हकीकत पुढे येते) भाव डोळ्यांसमोर ठेवून दर बरेच चढवले गेले आणि तोपर्यंत तेजी ओसरलेली होती.

मग शेतकरी सावकाराच्या हाती गेला कसा? आधीही सावकार होतेच की.

होते. फरक कायद्याने पडला. एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.

सिन्नर तालुक्यातला एक बाजरीवाला शेतकरी. खळं उरकतं न उरकतं तोच साऱ्याच्या हप्त्याची तारीख. त्याच वेळी गावातले सगळेच विकायला निघालेले, म्हणजे भाव पडलेला. त्याने बाजरी तेव्हाच विकली तर पुढे उन्हाळ्यात खायला तीच बाजरी चढ्या भावाने घ्यावी लागणार. म्हणून तो विकत नाही, २० रुपये उसने घेऊन सारा भरतो. सावकार कर्जखतावर लिहितो २५. पाऊस नीट झाला तर फिटतं. नाही झाला तर?

आता कायदा बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता, जुनी जीर्ण कर्जं उकरून काढू नयेत. झालं उलटं. तीन वर्षं भरायच्या आत सावकार नवं खत लिहून घेऊ लागला आणि त्यात मागचं व्याज मुद्दल म्हणून घालू लागला. दोन-तीनदा खत पालटलं की २५ चे ७०-८० व्हायचे. लिहिता येत नाही म्हणून अंगठा किंवा नांगराची निशाणी. मग दावा. दिवाणी कोर्ट लांब, शेतकरी हजर होत नाही, एकतर्फी हुकूमनामा निघतो. आणि जमीन आता मोजलेली, नावावर लागलेली, विकता-गहाण टाकता येणारी, म्हणजे जप्त करण्यासारखी. पेशवाईत सावकार जमीन घेऊन करणार काय, असा प्रश्न होता. जमिनीला म्हणावा तसा बाजार नव्हता. आता होता.

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून खतांच्या होळ्या केल्या त्या यामुळेच. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. रोग कुठे आहे हे त्यांना नेमकं कळलं होतं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, त्यात आधी पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा हेच जिल्हे होते. नाशिकचा शेतकरी त्यानंतर बरीच वर्षं त्या संरक्षणाबाहेर राहिला.

सगळा दोष मारवाडी-गुजर सावकारांचा होता असं म्हणतात.

सोपं उत्तर आहे, म्हणून लोकप्रिय आहे. सावकारांत ब्राह्मण होते, सोनार होते, गावातले सधन कुणबीही होते. सावकाराने अडवणूक केली हे खरंच. पण ज्या राज्याने सारा रोख आणि तारखेला मागितला आणि कर्ज देणारी दुसरी कोणतीही सोय उभी केली नाही, त्याच्याकडे बोट न दाखवता फक्त दुकानदाराच्या नावाने खडे फोडणं म्हणजे अर्धा हिशेब. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो १९०४ मध्ये.

इंग्रज नसते तर नाशिकला रेल्वे आली असती का?

कधीतरी आली असती. जपानमध्ये इंग्रजांचं राज्य नव्हतं आणि १८७२ मध्ये तिथे रेल्वे धावत होती. पण या प्रश्नात जर-तर फार. त्यापेक्षा रेल्वे कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने आली ते पाहू, त्याची उत्तरं कागदावर आहेत.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात कारणं लपवलेली नाहीत. फौज झटपट हलवता यावी, इंग्लंडला हवा तो कापूस बंदरापर्यंत यावा आणि तिकडचा माल आत पोचावा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही कंपनी लंडनमधली. भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी, आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे गाडी रिकामी धावली तरी लंडनच्या भागधारकाला व्याज मिळणार आणि ते निफाडच्या साऱ्यातून जाणार. काटकसर करायचं कंपनीला कारणच नव्हतं. रूळ, इंजिनं, पुलांचे गर्डर तिकडून आले. त्याच काळात इतर देशांत रेल्वेबरोबर पोलादाचे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे रेल्वेने कारखान्यांना काम दिलं ते विलायतेतल्या.

बांधकाम मात्र आपल्या माणसांच्या अंगावर झालं. थळ घाटातला चढ ३७ फुटांना १ फूट. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, हजारो मजूर, पावसाळ्यात कॉलरा. १ जानेवारी १८६५ ला कसारा-इगतपुरी टप्पा सुरू झाला. आजही कसाऱ्याला गाडी थांबते, मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात, तेवढ्यात लोक वडापाव घेऊन येतात. ती इंजिनं जोडताना जो धक्का बसतो तो त्या चढाचा. पुढे १९३० मध्ये कल्याण-इगतपुरी मार्गावर वीज आली.

फायदा झाला का? झाला. मुंबईचा बाजार एका रात्रीच्या अंतरावर आला. इगतपुरी आणि मनमाड ही गावं रेल्वेनेच मोठी केली. मनमाडहून दौंडकडे १८७८ मध्ये फाटा निघाला, नंतर निजामाच्या मुलखात जाणारी लाइन आली. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पूल बांधायची कामं झाली. भाड्याचे दर मात्र असे लावले जात की बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून आत येणारा पक्का माल स्वस्तात जावा. एका देशी गावातून दुसऱ्या देशी गावात माल पाठवणं त्या मानाने महाग. दराचा कागद कोणी वाचत नाही. मला विचाराल तर सगळ्या रेल्वेच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

नाशिकचं स्टेशन गावापासून इतकं लांब का?

रस्त्याने आठेक किलोमीटर. इगतपुरीहून आलेली लाइन देवळाली, निफाड, लासलगाव करत मनमाडकडे जाते. तिचं लक्ष्य पुढचा कापसाचा पट्टा होतं, गोदाकाठचं गाव वाटेत पडलं नाही. लोकांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. १८९० च्या सुमारास मेन रोडपासून स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती १९३० च्या दशकात बंद पडली. नाशिकला कधीकाळी ट्राम होती हे सांगितलं की आजची मुलं हसतात. सिटीबसची वाट बघत उभ्या असलेल्यांना मात्र हसू येत नाही.

अमेरिकेतल्या युद्धाने आपल्याकडे पैसा आला, हे काय प्रकरण आहे?

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. सगळी मागणी मुंबईवर आली. खानदेश, मालेगाव, येवला या भागांत कापसाने कधी न पाहिलेले भाव पाहिले. त्याच सुमारास घाटात रेल्वेचं काम चालू, मजुरी वाढलेली. शेतकऱ्यांनी बैल घेतले, लग्नं थाटात केली, आणि सावकारानेही तोंडाला येईल तेवढं कर्ज दिलं, कारण जमीन चढत्या भावाची.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. भाव आपटले. मुंबईत शेअरबाजार कोसळून भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. कर्ज मात्र तेजीच्या भावाने काढलेलं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. यात मालेगावच्या शेतकऱ्याने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. ज्या भांडणाची त्याला वार्ताही नव्हती त्याने त्याच्या कापसाचा भाव ठरवला होता. पूर्वी त्याची भीती पावसाची आणि पेंढाऱ्यांची. आता त्यात लिव्हरपूलच्या कापूस बाजाराची भर पडली.

मँचेस्टरच्या कापडाने येवला आणि मालेगावचे माग बंद पाडले ना?

मग आज येवल्यात पैठणी कशी विणली जाते आणि मालेगावात रात्रभर खडखडाट कसला चालतो?

विलायती मालाने आधी मारलं ते सुताला. घरोघरी बायका चरख्यावर सूत काततात, त्याचे दोन पैसे मिळतात, हा उद्योग सगळ्यात आधी गेला, कारण यंत्रावरचं सूत स्वस्त आणि एकसारखं. या बायकांचं नुकसान कुठल्याच खात्यात नोंदलं गेलं नाही, म्हणून इतिहासातही ते कमी दिसतं. त्यानंतर साधं पांढरं कापड, धोतरजोड्या, पंचे विणणारे गेले.

जे उरले ते दोन प्रकारचे. एक, ज्यांचा माल यंत्राला जमत नव्हता. पैठणीचा पदर, काठावरची नक्षी, जर. हे मँचेस्टरला करायचंही नव्हतं आणि जमलंही नसतं. येवल्यात तर पेशवाईपासून रेशमाच्या धंद्याचा मक्ता ठरावीक घराण्यांकडे होता, नव्याने येणाऱ्याला परवानगीचे पैसे मोजावे लागत. १८६४ च्या सुमारास कोर्टाने तो मक्ता मोडला आणि बाहेरच्यांना माग टाकणं मोकळं झालं. माग वाढले, आणि विणकर हळूहळू रेशीम उधार देणाऱ्या व्यापाऱ्यावर अवलंबून झाला. स्वातंत्र्य कोणाला मिळालं, हे ज्याने त्याने ठरवावं.

दुसरे मालेगावचे. १८५७ नंतर उत्तरेतून, अवध-बनारसच्या पट्ट्यातून मोमीन विणकर आग्रा रोडने खाली आले आणि मोसम नदीच्या काठी राहिले. उठावानंतरची धरपकड आणि नंतरचे दुष्काळ ही कारणं. त्यांनी हातकताईच्या सुताचा हट्ट धरला नाही. गिरणीचं सूत घेतलं, आधी विलायती, पुढे मुंबईचं (तिथे १८५० च्या दशकातच पहिली गिरणी निघाली होती), आणि इथल्या बायकांना हवी तशी रंगीत काठाची लुगडी विणली. १९३० च्या दशकापासून तिथे यंत्रमाग आले. थोडक्यात, मँचेस्टरच्या सुताने एका घराचा चरखा बंद केला आणि दुसऱ्या घराचा माग चालू ठेवला. दोन्ही एकाच वेळी.

सरकारी धोरण मात्र निःपक्ष नव्हतं. १८९६ मध्ये आयात कापडावर ३.५ टक्के जकात ठेवली, तर लँकेशायरला गैरसोय नको म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. तो जायला १९२५ उजाडलं.

तांबट आळीचं काय झालं?

तांबटांची कथा वेगळी आहे आणि मला ती आवडते, कारण ती कोणत्याच तटाच्या सोयीची नाही. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी आधीपासून नावाजलेली: हंडे, घंगाळी, पूजेची उपकरणी, गंगाजळीचे गडू. रेल्वे आल्यावर विलायती तांब्या-पितळेचे तयार पत्रे मुंबईहून थेट येऊ लागले, ठोकून पत्रा करायचे कष्ट वाचले. आणि त्याच रेल्वेने यात्रेकरू आणले. पंचवटीत आलेला माणूस भांडं घेतल्याशिवाय परतत नसे. त्यामुळे हा धंदा वाढला. तांबटांच्या मुळावर नंतर आलं ते ॲल्युमिनियम आणि स्टील.

पण पत्रा तिकडचा, म्हणजे धातू गाळायचं कसब इथे वाढलं नाही. मोड गोळा करून मुशीत वितळवणारे होते ते मागे पडले.

बैलांच्या तांड्यांचं काय?

रेल्वेआधी मीठ कोकणातून वर आणि धान्य खाली नेणारे वंजारी आणि लमाण यांचे तांडे. शेकडो बैल, पाठीवर गोणी. आधी घाटाचा गाडीरस्ता झाला आणि मग रूळ आले, त्यांचं काम संपलं. सिन्नर, निफाड, येवला, नांदगाव भागात वंजारी समाज शेतीत स्थिरावलेला दिसतो, त्यामागे हे कारण आहे. ज्यांना जमीन मिळाली नाही त्यातल्या काहींवर पुढे सरकारने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. भटकत व्यापार करणाऱ्या माणसावर संशय घेणं त्या राज्याच्या स्वभावात होतं.

रेल्वेमुळे दुष्काळात तरी धान्य पोचलं असेल ना?

पोचलं, पण ज्याच्या खिशात पैसा त्याच्यापर्यंत. १८७६-७८ च्या दुष्काळात रेल्वेने धान्य आणलं हे खरं. त्याच वर्षांत देशातून गहू बाहेर जात होता हेही खरं. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, १८७३ मध्ये गव्हावरची निर्यात जकात उठली आणि गहू निर्यातीचं पीक झालं. गावातल्या पेवात दोन वर्षांचं धान्य ठेवायची रीत होती. ज्याला स्टेशनवर रोख भाव मिळतो तो पेव कशाला भरेल? मग पाऊस गेला की मजुराला काम नाही, काम नाही म्हणून पैसा नाही, आणि बाजारात धान्य असून उपाशी. १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळातही हेच. सरकारने खडी फोडायची आणि तलाव खोदायची कामं काढली, पण मजुरी पोट जगेल एवढीच.

'संपत्तीचा ओघ' म्हणजे काय? दादाभाई नौरोजी आठवतात, पण त्यात नाशिक कुठे?

नाशिक त्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या रूपाने आहे. महादेव गोविंद रानडे जन्मले निफाडला, १८ जानेवारी १८४२. पुढे न्यायाधीश म्हणून काही काळ नाशकात नेमणुकीवरही होते.

दादाभाईंचं म्हणणं असं: हिंदुस्थानच्या करातून दरवर्षी मोठी रक्कम इंग्लंडला जाते आणि बदल्यात काही येत नाही. कर्जावरचं व्याज, रेल्वेच्या हमीचे पैसे, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा खर्च, फौजेचा खर्च. विसाव्या शतकाच्या आरंभी हा 'होम चार्जेस'चा आकडा वर्षाला पावणेदोन कोटी पौंडांच्या आसपास होता. त्यात भर म्हणजे तो पौंडात द्यायचा आणि सारा गोळा व्हायचा चांदीच्या रुपयात. १८७३ नंतर चांदी घसरत गेली, तसे तेवढ्याच पौंडांना जास्त रुपये लागू लागले.

रानड्यांनी ओघ नाकारला नाही, पण नुसत्या त्यावर थांबलेही नाहीत. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. खरा धोका हा की आपण कच्चा माल पिकवणारा मळा होऊन बसलो आहोत: माल इथला, तो नेणारी जहाजं त्यांची, त्यावर काम करणारं कसब त्यांचं, आणि तोच माल तयार होऊन पुन्हा आपल्या दारात. इंग्लंडमध्ये लागू पडणारा खुल्या व्यापाराचा सिद्धांत इथे जसाच्या तसा लावू नका, सरकारने उद्योगांना भांडवल मिळवून द्यावं, असं ते सांगत होते. दादाभाईंचं नाव घोषणेत बसतं. धोरण आखायचं असेल तर मी रानडे वाचायला सांगेन.

पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागालाही याची झळ लागली का?

लागली, आणि दुसऱ्या वाटेने. १८५७ च्या अखेरीस पेठमध्ये उठाव झाला, तो करणाऱ्यांना फाशी दिली, १८७८ मध्ये संस्थान खालसा झालं. त्याच वर्षी जंगलाचा कायदा. रेल्वेला, इमारतींना साग हवा होता. ज्या रानातून लोक लाकूड, मोह, गवत आणत तिथे 'राखीव'चे खांब आले. नागली आणि भाताच्या रोपासाठी फांद्या-पाला जाळून राब करायची रीत वनखात्याला नासधूस वाटली. अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गुन्हा ठरली. साऱ्याचा आकडा लहान, पण दंड, चिरीमिरी आणि सावकाराची पालेमोड (येणाऱ्या पिकावर दिलेली उचल) यांतच माणूस बुडायचा.

इंग्रजांनी नाशिकला नोटांचा छापखाना दिला, हा उपकारच नाही का?

छापखाना आला म्हणून जिल्ह्यात कसबी कामगारांची एक पिढी तयार झाली, नाशिकरोडला पगारदार वस्ती उभी राहिली, हे मान्य. पण आधीचा हिशेब पाहा. पोस्टाची तिकिटं लंडनच्या एका कंपनीकडून छापून येत, नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून. म्हणजे आपल्याच टपालासाठी आणि आपल्याच बाजारासाठी लागणारा कागद बोटीने यायचा. १९२० च्या दशकात इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, आधी तिकिटं आणि १९२८ पासून नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा नाशकात निघत होत्या.

एक गंमत: फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःचा छापखाना नव्हता. त्यांच्या पहिल्या नोटा म्हणजे 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा जादा छाप मारलेल्या भारतीय नोटा, आणि त्या नाशिकरोडलाच छापलेल्या.

जगाच्या उत्पन्नातला भारताचा वाटा २४ टक्क्यांवरून ४ वर आला, हे खरं का?

अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाचा तो अंदाज: १७०० च्या सुमारास २४, १९५० ला ४. पुढे ढकलण्याआधी एवढं समजून घ्या की वाटा घटण्यासाठी तेवढी लूटच व्हावी लागते असं नाही. युरोप-अमेरिका कारखान्यांमुळे भराभर वाढले आणि आपण जवळपास जागच्या जागी राहिलो. 'नेलं किती' हा एक प्रश्न, 'वाढू का दिलं नाही' हा दुसरा. माझ्या मते दुसरा जास्त अडचणीचा आहे.

कांदा, द्राक्षं, साखर, हे सगळं इंग्रजांनीच आणलं का?

कांदा नाही. लासलगावला स्टेशन होतं म्हणून तिथे धान्याचा आणि पुढे कांद्याचा बाजार वाढला, पण बाजार समिती स्थापन झाली ती १९४७ मध्ये. द्राक्षांची भरभराट तर स्वातंत्र्यानंतरची. साखरेचं उत्तर गुंतागुंतीचं: दारणा धरण आणि नांदूरमध्यमेश्वरचे कालवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले, दुष्काळी खर्चाला उतारा म्हणून बांधलेले. पाण्याचा मोठा लाभ खाली कोपरगाव-राहात्याकडच्या उसाला झाला आणि धरण आमच्याकडे, पाणी तुमच्याकडे हे भांडण तेव्हापासूनच तयार झालं. १९३२ मध्ये साखरेला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि त्याच सुमारास, १९३३ मध्ये, वालचंद हिराचंद यांनी मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखाना काढला. संरक्षण मिळालं की देशी कारखाना लगेच उभा राहतो, हे रानडे चाळीस वर्षं आधी सांगत होते.

मुलांना प्रकल्पासाठी काय दाखवावं?

एका दिवसात सगळं होणार नाही. पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख १० नंबरच्या लेण्यात आहे, सकाळी जा. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीजवळ नाण्यांच्या संशोधनाची संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे जुने रुपये आणि कंपनीचा रुपया शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. जुन्या नाशकात तांबट गल्ली आणि सराफ बाजार पायीच करा, गाडी लावायला जागा मिळत नाही. येवल्याला पैठणीचं दुकान न पाहता विणकराच्या घरी माग पाहा आणि रेशीम कोण पुरवतं ते विचारा. कसारा ते इगतपुरी रेल्वेनेच जा, रस्त्याने गेलात तर चढ कळणार नाही. कागदपत्रांसाठी १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे १८८३ साली छापलेल्या जिल्हा गॅझेटियरबद्दल विचारा आणि त्यातलं व्यापाराचं प्रकरण आधी वाचा. मजकूर इंग्रजी सरकारचा आहे, हे लक्षात ठेवून.